आजोबांच्या कपाटातला पार्कर ५१ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात जुन्या घरांची आवराआवर निघाली की कपाटाच्या खालच्या खणातून, सनदा आणि विम्याच्या कागदांखालून, एखादा शाईचा पेन निघतोच. काळा नाहीतर मोरपिशी, स्टीलचं टोपण, बाणाची क्लिप, आणि निब जवळजवळ दिसत नाही. मग मला फोटो येतो आणि त्याच्यासोबत तेच ते प्रश्न येतात. मी बरीच वर्षं या एकाच पेनाच्या मागे आहे. माझा पहिला ५१ आजोबांचा, आणि आजही रोज खिशात तोच असतो. दरवेळी फोनवर जे सांगतो ते इथे एकदाच लिहून ठेवतो आहे.

हा पार्कर ५१ च आहे, हे कसं ओळखायचं?

आधी टोपणाचा खालचा काठ बघा. त्यावर पार्करचं नाव बारीक अक्षरांत कोरलेलं असतं, बहुतेक वेळा ५१ हा आकडाही. अक्षरं झिजलेली असतील तर खिडकीशी न्या आणि पेन हळूहळू फिरवा, तिरप्या उजेडात ती उमटतात. मग टोपण काढा. ते फिरवून नाही, सरळ ओढून निघतं. निब असलेला पुढचा भाग आणि मागची नळी यांच्यामध्ये धातूची एक अरुंद कडी दिसेल. टोपणाच्या आतले स्प्रिंगसारखे धातूचे पंजे ह्या कडीला धरतात. बंद पेन साधारण १३.८ सेंटिमीटर भरतो. डेमी नावाची थोडी बुटकी आवृत्तीही होती, तेव्हा लांबी कमी भरली म्हणून लगेच नकली ठरवू नका.

नळीवर लांबीच्या दिशेने केसासारखे बारीक ओरखडे असतील तर मला बरंच वाटतं. टोपण मागे लावून लिहिताना त्याच पंजांनी ते उमटतात. म्हणजे पेन खरोखर वापरला गेला आहे.

काका, याची निब तुटली आहे का? दिसतच नाही.

तुटलेली नाही, आत आहे. या पेनाचा सगळा जीव तिथेच आहे.

१९३० च्या दशकात पार्करला अशी शाई हवी होती की कागदावर पडली की वाळली, टीपकागदाची गरजच नको. पण कागदावर झटकन वाळणारी शाई उघड्या निबवरही तितक्याच झटकन वाळते. दोन मिनिटं विचार करत बसलात की पेन रुसतो. म्हणून निबच झाकायची असं ठरलं. नेहमीच्या पेनाची निब पानासारखी पसरट असते. ५१ ची १४ कॅरेट सोन्याची निब नळीसारखी गोल वळवलेली आहे आणि हूड म्हणजे वरच्या आवरणातून तिचं फक्त टोक बाहेर डोकावतं.

हूडच्या आत आणखी एक भाग आहे, जो पेन न खोलता कधीच दिसत नाही. त्याला कलेक्टर म्हणतात. एकाशेजारी एक उभ्या केलेल्या पातळ चकत्या आणि त्यांच्यामध्ये केसाएवढ्या फटी, असं त्याचं रूप. हाताच्या उबेने पेनातली हवा फुगते आणि शाईला पुढे ढकलते. साध्या पेनात अशा वेळी टपोरा थेंब थेट कागदावर पडतो. ५१ मध्ये ती जादा शाई या फटींत शिरून थांबते आणि लिहिताना हळूहळू वापरली जाते. ह्याच साठ्यामुळे निबचं टोक ओलं राहतं. हूडचा निमुळता आकार विमानासारखा दिसतो म्हणून लोक त्याचं कौतुक करतात, पण मला आवडतं ते हे की त्या आकाराला आतून कारण आहे.

५१ हा आकडा कशाचा?

पार्कर कंपनी १८८८ मध्ये अमेरिकेतल्या जेन्सव्हिल गावात सुरू झाली. या पेनावरचं काम १९३९ च्या सुमारास आकाराला आलं तेव्हा कंपनीला ५१ वर्षं झाली होती, म्हणून तो आकडा. अमेरिकेच्या बाजारात पेन १९४१ मध्ये आला, तेव्हा किंमत साडेबारा डॉलर होती. आकड्याला भाषांतर लागत नाही, हा त्या नावाचा मोठा गुण. आमच्या घरी आजी इंग्रजीचं अक्षर वाचत नव्हती, पण ‘यांचा फिफ्टीवन कुठे आहे’ असंच विचारायची.

इतका महागडा पेन नागपुरात इतक्या घरांत कसा?

मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी नागपूर होती. विद्यापीठ १९२३ पासून, स्वतंत्र हायकोर्ट १९३६ पासून. सचिवालय, कोर्ट, कॉलेजं, रेल्वे, म्हणजे दिवसभर लिहिणाऱ्या माणसांचं गाव. निवृत्तीला, लग्नाला किंवा वकिलीची सनद मिळाल्यावर द्यायची भेट म्हणजे पेन. मला दाखवायला आलेल्या पेनांपैकी बरेचसे अशाच भेटी होत्या, आणि त्यांतल्या कितींवर नावं कोरलेली आहेत.

अंगाचं प्लास्टिक इतकी वर्षं चकचकीत कसं राहिलं?

ते ल्युसाइट आहे, म्हणजे अ‍ॅक्रिलिक. त्याआधीचे बरेच चांगले पेन सेल्युलॉइडचे असत. सेल्युलॉइड दिसायला फार देखणं, पण कालांतराने आकसतं, रंग बदलतं, आणि पार्करची ती नवी तीव्र शाई त्याला सोसेना. म्हणून ५१ साठी ल्युसाइट निवडलं. ते आकसत नाही आणि मऊ कापडाने पुसलं तरी पुन्हा चमकतं.

मात्र स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश काढायचं द्रव किंवा हँड सॅनिटायझर यांपैकी काहीही त्याला लावू नका. अ‍ॅक्रिलिकला त्याने बारीक जाळीदार तडे जातात आणि ते कशानेही भरून येत नाहीत.

शाई कशी भरायची?

आधी तुमचा पेन दोन प्रकारांपैकी कोणता ते बघा.

१९४८ च्या आधीच्या पेनात मागच्या टोकाला छोटी टोपी असते. ती फिरवून काढली की आत दाबायचा दांडा दिसतो. ही व्हॅक्युमॅटिक पद्धत. निब दौतीत पूर्ण बुडवायची, दांडा दहाएक वेळा दाबायचा आणि प्रत्येक वेळी सावकाश सोडायचा. दांड्यामागे रबराचा पातळ पडदा आहे. तो मागे गेला की शाई आत ओढली जाते.

१९४८ पासूनच्या पेनात नळीच फिरवून काढायची. आत धातूचं आवरण आणि त्यावर दाबायची पट्टी दिसते. ही एअरोमेट्रिक पद्धत. आवरणावर सूचनाही कोरलेली असते. निब बुडवून पट्टी चार-सहा वेळा ठामपणे दाबा, दर वेळी थोडं थांबा, मग पेन बाहेर काढून मऊ कागदाने टोक पुसा. लोक विचारतात की एकदा दाबून का भागत नाही? आत हवा जाण्यासाठी बारीक नळी आहे. दर दाबाला थोडी हवा बाहेर जाते, तिची जागा शाई घेते, आणि आधी आलेली शाई आतच राहते. एकदाच दाबलंत तर पेन अर्धाच भरतो, आणि अर्धा भरलेला पेन जास्त त्रास देतो. का ते पुढे उन्हाळ्याच्या उत्तरात आहे.

आतली ट्यूब जुनी झाली असेल, बदलून घेऊ का?

एअरोमेट्रिक असेल तर बहुधा गरज नाही. ती रबराची नाही, पारदर्शक प्लास्टिकची आहे आणि आश्चर्य वाटावं इतकी टिकते. डाग पडलेले असतील, पण दाबली की फुगते ना? मग राहू द्या. व्हॅक्युमॅटिकमधला रबरी पडदा मात्र आतापर्यंत कडक होऊन फाटलेला असतो. तो बदलावाच लागतो, आणि ते जाणकाराचं काम आहे.

तीस वर्षं शाई भरून तसाच पडून होता. आता?

घाई करू नका, सगळं त्यावरच आहे. वाटीत साधं थंड पाणी घ्या. आमच्याकडे बोअरचं पाणी जड असतं, म्हणून मी आरओचं किंवा बॅटरीचं पाणी वापरतो. पेनाचा फक्त पुढचा भाग पाण्यात उभा ठेवा. तासाभराने निळ्या रंगाचे धागे खाली उतरताना दिसतील. रात्रभर राहू द्या, सकाळी पाणी बदला. मग पट्टी दाबून पाणी आत-बाहेर करा. शाई हटत नसेल तर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब, आणि नंतर साध्या पाण्याने बऱ्याच वेळा धुणं. माझ्या आजोबांच्या पेनाला असे अकरा दिवस लागले. दहाव्या दिवशीही पाणी फिकट निळं होत होतं. ती शाई त्यांनीच भरली होती, म्हणून पहिल्या दिवसाच्या पाण्याने मी एका कागदावर त्यांचं नाव लिहून ठेवलं आहे.

उकळतं पाणी नको. गरम पाणीही नको.

हूड फिरवून काढून आतून नीट साफ करू का?

नको. हूड आट्यांवर बसवून लाखेने घट्ट केलेलं असतं. ते नेमक्या मंद उष्णतेने, संयमाने सैल होतं. जोर लावला की फुटतं, जास्त तापवलं की वाकडं होतं. माझ्या मामांचा सुंदर बर्गंडी पेन एका दुरुस्तीवाल्याकडे दिला होता. त्याने पुढचा भाग उकळत्या पाण्यात धरला. परत आला तेव्हा हूडचं टोक निबपासून एका बाजूला झुकलेलं होतं. निब सोन्याची, धडधाकट, आणि पेन लिहीत नाही. ते बघून मामा काही बोलले नाहीत, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. दुरुस्तीला देताना ‘हूड कसं काढता?’ हा एक प्रश्न विचाराच. ‘कोरड्या उष्णतेने, हळूहळू’ हे उत्तर आलं तरच पेन हातात द्या.

नागपूरच्या उन्हाळ्यात हा पेन वापरता येतो का? गळतो का?

येतो, आणि साध्या पेनापेक्षा नक्कीच चांगला चालतो. पण इथला उन्हाळा साधा नाही. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं, आणि नवतपातली दुपार कोणाला वेगळी सांगायला नको.

हिशेब असा. पेनातली हवा २५ अंशांवरून ४५ अंशांवर गेली की साधारण ७ टक्क्यांनी फुगते. पेन काठोकाठ भरलेला असेल तर आत हवाच थोडी, म्हणून फुगायला काही नाही. शाई संपत आलेली असेल तर आत जवळजवळ सगळी हवा, आणि ती उरलेली शाई बाहेर ढकलते. म्हणून पेन रिकामा होत आला की जास्त गळतो, भरलेला असताना नाही. एवढी वाढ कलेक्टरच्या फटी सहज सामावून घेतात. पण गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा स्कूटरच्या डिक्कीत तापमान बाहेरच्याहून कितीतरी जास्त होतं, तिथे कलेक्टरही हरतो. मे महिन्यात माझा नियम एवढाच की घरातून निघताना पेन पूर्ण भरायचा, निब वर ठेवून खिशात लावायचा, आणि उन्हातून आल्यावर पाच मिनिटं थांबून मग टोपण काढायचं.

दुसरी गोष्ट कोरड्या हवेची. एप्रिल-मे मध्ये टोपण न लावता पेन टेबलावर ठेवला तर उघड्या निबचा पेन लगेच वाळतो. ५१ चं झाकलेलं टोक थोडा जास्त वेळ धीर धरतं. पण टोपणाचे आतले पंजे सैल झाले असतील तर रात्रभरात त्यातलंही पाणी उडतं आणि सकाळी शाई गडद, दाट उतरते.

आणि कूलर! कूलरसमोर ठेवलेली वही दमट होते, दमट कागदावर शाई फुटते आणि लोक दोष पेनाला देतात. वही दुसऱ्या खोलीत नेऊन एक ओळ लिहून बघा. दहातल्या आठ तक्रारी तिथेच संपतात.

शाई कोणती वापरू?

पाण्यात सहज धुतली जाणारी साधी निळी. पार्करची क्विंक १९३१ पासूनची, ती चालते. कॅमलची रॉयल ब्ल्यू चालते, आणि मला ती मनापासून आवडते. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी शाईच्या पुड्या आणि गोळ्यांपासून सुरुवात केली, त्याच घराण्यातली ती शाई. चकाकी मिसळलेल्या, लोहयुक्त किंवा वॉटरप्रूफ शाया या पेनात घालू नका. कलेक्टरच्या फटींत जे अडकेल ते काढायला हूड खोलावं लागेल. आणि चित्रकारांची इंडिया इंक तर कधीच नाही, त्यातली लाख आत वाळली की पेन संपला.

जुन्या सामानात पार्करच्या सुपरक्रोम शाईची बाटली सापडली तर ती जपून ठेवा, भरू मात्र नका. ती खास ५१ साठीच काढलेली होती, पण तीव्र असल्यामुळे तिने आतल्या भागांचं नुकसानच केलं.

माझा पेन हिरो आहे की पार्कर? अगदी सारखे दिसतात.

हिरो ही शांघायची कंपनी. तिचे हूडवाले पेन ५१ च्या घडणीवरून केलेले आहेत आणि आपल्याकडच्या दोन पिढ्यांनी त्यांच्यावर परीक्षा दिल्या. टोपणाच्या काठावर हिरोचं नाव किंवा चिनी अक्षरं दिसतील. हिरो निघाला म्हणून नाराज होऊ नका. चांगला धुऊन घ्या, तोही लिहितो.

पार्कर २१ जास्त फसवतो. तो १९४८ मध्ये आलेला स्वस्त भाऊ. निब सोन्याची नाही, प्लास्टिकही वेगळं, आणि हूडला बारीक तडे जातात. पार्कर ६१ ओळखायला सोपा, कारण १९५६ च्या या पेनाच्या हूडवर छोटा धातूचा बाण जडवलेला असतो.

अनेक घरांत ५१ वर २१ चं टोपण बसवलेलं आढळतं. एखादं टोपण हरवलं, दुसरं बसलं, काम चाललं. संग्राहकाच्या दृष्टीने ती उणीव आहे. पण ते टोपण चाळीस वर्षं त्याच पेनावर असेल तर मी ते बदलणार नाही.

कोणत्या सालचा आहे ते कळेल का?

जुन्या अमेरिकी पेनांवर नळीवरच्या कोरीव मजकुराजवळ एक अंक असतो, तो सालाचा शेवटचा आकडा. त्याच्याभोवतीचे ठिपके तिमाही सांगतात. ३ असेल तर १९४३ की १९५३, हे शाई भरायच्या पद्धतीवरून ठरवायचं. दांडा असेल तर पहिलं, पट्टी असेल तर दुसरं. इंग्लंडमधल्या न्यूहेवनच्या कारखान्यातल्या पेनांवर ‘मेड इन इंग्लंड’ असतं. अमेरिकेतलं उत्पादन १९७२ पर्यंत चाललं.

कुठले रंग दुर्मिळ?

पिवळसर यलोस्टोन, हिरवा नासाउ ग्रीन आणि जांभळट प्लम यांना संग्राहक शोधत असतात. काळे आणि राखाडी भरपूर मिळतात. एका काळ्या छटेचं नाव कंपनीने ‘इंडिया ब्लॅक’ ठेवलं होतं.

हे डिझाइन मोहोली-नागी यांचं आहे ना?

नाही. बाउहाउस या जर्मनीतल्या डिझाइन शाळेचे लाझ्लो मोहोली-नागी यांनी या पेनाचं कौतुक केलं आणि पुढे पार्करला सल्लाही दिला, पण पेन त्याआधीच बाजारात होता. ७ मे १९४५ ला फ्रान्समधल्या रीम्समध्ये जर्मनीच्या शरणागतीनंतर दोस्त राष्ट्रांचे सेनापती आयझेनहॉवर हातात दोन पेन धरून उभे आहेत, तो प्रसिद्ध फोटो मात्र खरोखर ५१ चाच.

टोपणावर नाव कोरलेलं आहे. घासून काढलं तर किंमत वाढेल का?

कृपा करून काढू नका.

घासल्याने धातू पातळ होतो, काठावरची कंपनीची अक्षरंही जातात, आणि रोल्ड गोल्डचं टोपण असेल तर सोन्याच्या थराखालचं पितळ उघडं पडतं. म्हणजे किंमत उलट उतरते. पण खरं सांगायचं तर मला किंमतीची काळजी नाही. एकदा एक मुलगा धरमपेठेतून पेन घेऊन आला. नळीवर वळणदार अक्षरांत नाव, पुढे बी. ए., एल्‌एल. बी. त्याला ते नाव नको होतं, कारण विकताना अडचण येईल असं कोणीतरी सांगितलं होतं. मी विचारलं, हे कोण? तो म्हणाला, पणजोबा. मी पेनात शाई भरली आणि त्याला त्याचं स्वतःचं नाव लिहायला लावलं. निब एका बाजूने किंचित झिजलेली होती. पणजोबांच्या हाताच्या तिरक्या पकडीने ती झिज पडली होती, आणि पणतूच्या हातात ती आधी खरखरली, मग कोन सापडला आणि सरळ चालू लागली. त्याने तो विकला नाही.

मराठी लिहायला कोणती निब बरी?

बारीक किंवा मध्यम. रुंद निबने ‘क्ष’ नाहीतर ‘ख’ चं पोट बुजतं, अनुस्वार आणि मात्रा एकमेकांत मिसळतात.

किंमत किती येईल?

चालू स्थितीतला, तडा नसलेला, जुळणाऱ्या टोपणाचा पेन चांगल्या भावाला जातो. साध्या काळ्या पेनाने कोणी श्रीमंत होत नाही, कारण हे पेन लाखोंनी बनले आहेत. सोनाराकडे निबच्या सोन्याचं वजन करायला नेऊ नका. एवढ्याशा सोन्यासाठी पेन मोडणं मला बघवत नाही.

२०२१ मध्ये नवा पार्कर ५१ आला आहे. तो घेऊ का?

घ्या, पण वेगळा पेन म्हणून. टोपण आट्यांचं आहे आणि शाई काडतुसाने किंवा कन्व्हर्टरने, म्हणजे काडतुसाच्या जागी बसणाऱ्या छोट्या पंपाने, भरते. बाहेरून चेहरा तोच, पण आतली गोष्ट तीच नाही.

महिनाभर गावाला जातोय. पेन भरलेलाच ठेवू का?

रिकामा करा. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, निब टीपकागदावर टेकवून आतलं पाणी शोषून घ्या, आणि टोपण न लावता दोन दिवस सावलीत वाळू द्या. मग टोपण लावून कापडी पिशवीत ठेवा. डांबराच्या गोळ्या असलेल्या कपाटात नको. सोबत एक चिठ्ठी ठेवा: कोणाचा पेन, शेवटची शाई कोणती, कधी धुतला. आमच्या पेनाच्या पिशवीत अशा सतरा चिठ्ठ्या झाल्या आहेत, आणि शेवटच्या तीन माझ्या मुलीच्या अक्षरात आहेत.